बत्तीस हवा

डिसेंबरात निफाडकडून बोचरा वारा सुटला
की आमच्या डॅशबोर्डवर ती उगवते:
पिवळी कढई, आत एक उद्गारचिन्ह.
कुठेतरी हवा कमी आहे, म्हणते.
कुठल्या चाकात, ते सांगत नाही.

गाडी चौदा वर्षांची, तिसरा मालक मी.
कॉलेज रोडच्या एका डॉक्टरांनी हौसेने घेतलेली.
चार चाकांत चार सेन्सर, बोटाच्या पेराएवढे,
आत सीलबंद बॅटरी. ती मेली
की अख्खा सेन्सर बदलायचा.
शोरूममधला पोरगा म्हणाला,
चारांचे सव्वीस हजार, काका.
मग गाडीकडे पाहून जरा ओशाळला.

सातपूरच्या कंपनीत एकतीस वर्षं
मी गेज तपासले.
खरं बोलणाऱ्याला हिरवं स्टिकर, तारीख, माझी सही.
खोटं बोलणाऱ्याला लाल, आणि कपाटात कुलूपबंद.
आता रोज सकाळी एक खोटारडा
माझ्या नाकासमोर पेटतो
आणि कपाटाची किल्ली मी केव्हाच परत केली आहे.

द्वारकेजवळ इर्शादने चारही चाकं उतरवली,
एकेक टाकीतल्या काळ्या पाण्यात फिरवलं.
आम्ही दोघं उकिडवे, बुडबुड्याची वाट पाहत.
हायवेवरून कांद्याचे ट्रक गेले,
एक लग्नाची बस गेली, बँडवाले टपावर.
बुडबुडा नाही.
"हवा बराबर आहे, सायेब. दिव्यालाच ताप आलाय."
आणि त्याने दाताने तोडून
काळ्या टेपचा तुकडा दिला, नखाएवढा.
त्याचे पैसे घेतले नाहीत.

दिवसा बरं वाटायचं.
रात्री पाथर्डी फाट्याच्या अलीकडे अंधार लागला
की टेपच्या कडेने पिवळं झिरपायचं,
बंद दाराखालून
शेजारच्या खोलीत कोणी जागं असल्याचं कळावं तसं.
शैलजा म्हणाली, झाकलंस म्हणजे तपासलंस का?
म्हटलं, ते खोटं आहे, माहीत आहे मला.
ती म्हणाली, आज खोटं आहे.

फेब्रुवारीत वणीहून येताना, दिंडोरीजवळ,
स्टिअरिंग डावीकडे ओढू लागलं.
किंचित. त्या बाजूला कोणी ओळखीचं उभं असावं
इतपत.
टेपखाली दिवा तसाच.
खऱ्यासाठी त्याच्याकडे वेगळा रंग नव्हता.
हाताला आधी कळलं, मग कानाला, मग मला.

पुढच्या चाकात
द्राक्षाच्या मांडवाची तार घुसलेली, वीतभर.
डिकी उघडली. सतरंजी, दोन छत्र्या,
गेल्या दिवाळीचा आकाशकंदील,
खाली स्टेपनी.
अंगठा दाबला तर शिळ्या भाकरीच्या पिठासारखा आत गेला.
तिच्यात सेन्सर कधीच नव्हता.
चौदा वर्षांत तिच्यासाठी
काहीही पेटलं नव्हतं.

पॅकहाऊसमधून एक मुलगा कॉम्प्रेसरची नळी ओढत आला,
नाव विचारेपर्यंत निघूनही गेला.
तेवढ्यात शैलजाने पुढच्या सीटवर बसून
नखाने टेप काढून टाकली होती.
काही बोलली नाही. टेपची गोळी करून
पर्समध्ये ठेवली.

आता रविवारी, ऊन चढायच्या आत,
मी गुडघ्याखाली पेपर घेऊन बसतो.
सुरुवात स्टेपनीपासून.
शैलजा व्हॉल्व्हची टोपणं ओंजळीत धरून उभी.
बत्तीस. बत्तीस. एकतीस, हे जरा बघायला हवं. बत्तीस.
आत कढई जळत असते, जळू दे,
तिचं ऐकतो, मग उतरून बघतो.

काल तिने विचारलं,
आणि या तुझ्या गेजला कोण तपासतं?
उलटा करून पाहिला.
स्टिकर हिरवं आहे.
मुदत संपून सात वर्षं झाली.
सही माझी.